दुसऱ्यांदा पाण्यात उतरलेली आरती

स्मरणिकेसाठी एखाद्या जुन्या खेळाडूवर लिहा, असं समितीने कळवलं तेव्हाच ठाऊक होतं की आपल्या वर्गातले बहुतेकजण क्रिकेटकडे धावणार. मी आरती साहा निवडली. त्याला कारण आहे. शाळेमागची विहीर आठवते ना? शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं कठड्यावरून सूर मारायची आणि आम्ही मुली त्यांची दप्तरं सांभाळत उभ्या. आमच्यातल्या एकीनेही कधी पाठीला डबा बांधून पाण्यात पाय घातला नाही. घरी विचारून बघावं, हेसुद्धा कुणाला सुचलं नाही.

आणि आमच्या कितीतरी आधी, कलकत्त्यात, चार वर्षांची एक मुलगी काकांबरोबर चांपातला घाटावर आंघोळीला जाता जाता पोहायला शिकली होती. 24 सप्टेंबर 1940 चा तिचा जन्म. अडीच वर्षांची असताना आई गेली, आजीने वाढवलं. मुलीला पाण्याची ओढ आहे हे वडिलांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला हाटखोला स्विमिंग क्लबात घातलं. तिथे सचिन नाग यांची नजर तिच्यावर पडली. नाग म्हणजे 1951 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवणारे. असा गुरू मिळाल्यावर पाचव्या वर्षीच तिने पहिली शर्यत जिंकली.

1948 साली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या मुंबईत झाल्या. त्यात तिने दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं. वय सात-आठ! 1951 मध्ये तिने 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मुंबईच्या डॉली नझीरचा अखिल भारतीय विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी या दोघीजणी हेलसिंकी ऑलिंपिकला बरोबर गेल्या. आरती तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणजे आपण पाचवी-सहावीत होतो त्या वयाची. 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत तिला 3 मिनिटं 40.8 सेकंद लागले. पुढची फेरी काही मिळाली नाही. पण मला यातलं विशेष वाटतं ते हे की, इतक्या लहान वयात ऑलिंपिक बघून आलेली मुलगी तिथेच थांबली नाही.

1958 साली ढाक्याचे ब्रजेन दास इंग्लिश खाडी पोहून गेले, आणि त्याच वर्षी मिहिर सेनही. आरतीने दासांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं, तर त्यांनी पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी आयोजकांकडे तिचंच नाव सुचवलं. प्रश्न पैशांचा होता. मिहिर सेन मदतीला आले, मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी 11,000 रुपयांची सोय केली. देशबंधू पार्कच्या तलावात ती आधी सलग आठ तास आणि नंतर सलग सोळा तास पोहली, आणि जुलैअखेर इंग्लंडला रवाना झाली. डॉ. अरुण गुप्ता व्यवस्थापक म्हणून बरोबर होते.

27 ऑगस्ट 1959 च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरून शर्यत सुटायची होती. आरतीची मार्गदर्शक बोट वेळेवर आलीच नाही. ती 40 मिनिटं उशिरा पाण्यात उतरली. घरी बसून वाचताना 40 मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण त्या खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह साधारण सहा तासांनी दिशा बदलतो, आणि पोहणाऱ्याचं सारं गणित त्यावर बसवलेलं असतं. सरळ अंतर जेमतेम 33 किलोमीटर, पण प्रवाह बाजूला ओढत नेतो म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त पोहावं लागतं. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर होता आणि नेमका तेव्हाच प्रवाह उलटा फिरला. दुपारी चारपर्यंत ती कशीबशी दोन मैल पुढे सरकली. तिची सोडायची तयारी नव्हती, पण बोटीवरच्या वाटाड्याने आग्रह धरला आणि तिला बाहेर यावं लागलं.

चूक तिची नव्हती. परत येऊन तिने तसं सांगितलं असतं तर कलकत्त्यात कुणी तिला बोल लावला नसता. मी तिच्या जागी असते तर, खरं सांगते, पहिल्या बोटीने घरी आले असते.

ती तिथेच राहिली. 33 दिवसांनी, 29 सप्टेंबरला, ती त्याच भूशिरावरून पुन्हा उतरली. एकोणीस वर्षं पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. या वेळी शर्यत नव्हती, आजूबाजूला इतर पोहणारे नव्हते. नियम मात्र तेच: खाणंपिणं बोटीवरून घ्यायचं, पण बोटीला हात लावायचा नाही, लावला की सगळं बाद. 16 तास 20 मिनिटं ती पाण्यात होती आणि ते अंतर 42 मैल भरलं, असं सांगतात. सँडगेटच्या किनाऱ्यावर पाय टेकल्यावर तिने तिरंगा फडकवला. इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती आशियातली पहिली स्त्री. विजयालक्ष्मी पंडित यांनी सर्वांत आधी तिचं अभिनंदन केलं, आणि दुसऱ्या दिवशी आकाशवाणीने ही बातमी घरोघरी पोचवली.

1960 मध्ये पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू. डॉ. गुप्तांशीच तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि तिने रेल्वेत नोकरी केली. पुढची वर्षं चारचौघींसारखी गेली. ऑगस्ट 1994 मध्ये काविळीचं निमित्त झालं आणि 23 तारखेला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आरती गेली.

1999 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं, तीन रुपयांचं.