खापरांची भाषा जाणणारा पुरुष : सर फ्लिंडर्स पेट्री

नदीकांठीं फिरावयास गेलें असतां आमचे विद्यार्थी वाळूंतून खापरांचे तुकडे वेंचतात, घटकाभर लगोरी खेळतात आणि खेळ संपतांच ते तुकडे पाण्यांत भिरकावून देतात. खापराला किंमत ती कसली? सोन्याचें नाणें सांपडलें तर गांवभर गवगवा होतो. फुटक्या मडक्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. एके काळीं मोठमोठ्या विद्वानांचीही गोष्ट याहून वेगळी नव्हती. मिसर देशांत जाऊन ते राजांचे पुतळे, कोरीव शिला व सोन्याचे अलंकार उचलून आणीत, आणि वाटेंत आड येणारीं मडकीं, मणी, सुया व चिंध्या यांचे ढीग बाहेर फेंकून देत. या फेंकलेल्या ढिगांतच मनुष्यजातीचा इतिहास दडलेला आहे, हें ज्या पुरुषानें जगास पटवून दिलें, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री याचा जन्म ता. ३ जून १८५३ रोजीं इंग्लंडांत, लंडनजवळच्या चार्ल्टन येथें झाला. आईचे वडील कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्स हे ऑस्ट्रेलिया खंडास जलमार्गानें प्रदक्षिणा घालून त्याच्या किनाऱ्याचा नकाशा काढणारे प्रसिद्ध दर्यावर्दी होत. वडील इंजिनियर असून मोठे भाविक ख्रिस्ती होते. मुलाची प्रकृति नाजूक. त्यामुळें शाळेचें तोंड त्यास पाहावयास मिळालें नाहीं. हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांनीं शाळा सोडण्याचा बेत करूं नये; कारण शाळेची उणीव त्यानें दुप्पट श्रमांनीं भरून काढिली. घरीं आईवडिलांपाशीं तो शिकला, जुन्या नाण्यांचा नाद त्यास लागला, आणि वडिलांनीं त्यास जमिनीची मोजणी करण्याची कला शिकविली.

त्याच्या बाळपणींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तो अवघा आठ वर्षांचा असतां, वाइट बेटावर एक रोमन वाडा कसा खणून काढला याचें वर्णन घरीं आलेल्या मित्रमंडळींनीं केलें. फावड्यांनीं भराभर माती उपसल्याचें ऐकून त्या बालकास फार वाईट वाटलें. माती इंच इंच करून सोलावी आणि तींत काय काय आहे व कसें पडलें आहे तें पाहावें, असें त्यानें वडील माणसांस सुचविलें. पुढील सारें आयुष्य म्हणजे या एका बालविचाराचा विस्तारच होय.

इ. स. १८७२ मध्यें पितापुत्रांनीं मिळून स्टोनहेंज येथील प्राचीन शिलामंडळाची मोजणी केली. परंतु वडिलांचें मन एका निराळ्याच गोष्टीकडे लागलें होतें. त्या काळीं पियाझी स्मिथ नामक एका ज्योतिर्विदानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, गीझा येथील मोठा पिरॅमिड ईश्वरी प्रेरणेनें बांधिलेला असून त्याच्या मापांत वर्षाचे दिवस, पृथ्वीचें मान व भविष्यकाळच्या घडामोडी गुंफिलेल्या आहेत. पेट्रीच्या वडिलांस हें मत मनापासून पटलें होतें, आणि तरुण पेट्रीसही त्याची ओढ होती. इ. स. १८८० च्या अखेरीस, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, पेट्री उत्तम उपकरणें घेऊन एकटेच मिसरांत गेले. एका जुन्या थडग्याच्या गुहेंत त्यांनीं बिऱ्हाड केलें. दिवसा प्रवाशांचा त्रास चुकवावा म्हणून कधीं कधीं ते नुसत्या गुलाबी आंतल्या कपड्यांवरच बाहेर काम करीत; त्यांस पाहून सभ्य स्त्रीपुरुष दूर निघून जात!

दोन हिवाळे मोजणी चालली. निकाल काय लागला? स्मिथच्या मताप्रमाणें पिरॅमिडाची बाजू जेवढी भरावयास पाहिजे होती, त्याहून ती सुमारें सहा फूट कमी भरली. बाजूची खरी लांबी सुमारें ७५५ फूट. वडिलांची जन्माची आवडती कल्पना एका बाजूस आणि मोजपट्टी दुसऱ्या बाजूस, असा हा प्रसंग होता. आंकडा किंचित् इकडेतिकडे करण्याचा मोह एखाद्यास झाला असता. पेट्री यांनीं जसें दिसलें तसें इ. स. १८८३ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें, आणि ती कल्पना मोडून पडली. श्रद्धा आणि सत्य यांचा येथें विरोध होता असें आम्हांस वाटत नाहीं. श्रद्धेच्या नांवाखालीं मानवानें जो ठिसूळ टेंकू उभा केला होता, तोच तेवढा मापानें पाडला.

त्याच सुमारास अमेलिया एडवर्ड्स या विदुषीच्या पुढाकारानें मिसरांतील उत्खननासाठीं एक फंड स्थापन झाला होता. त्याच्या वतीनें व पुढें स्वतंत्रपणें पेट्री यांनीं टानिस, नौक्रातिस, हवारा अशीं एकामागून एक स्थळें खणलीं. त्यांची रीत अगदीं नवी होती. प्रत्येक तुकडा कोठें, किती खोल व कशाशेजारीं सांपडला याची ते नोंद करीत. मजुरांपैकीं ज्यास वस्तु सांपडे, त्यास बाजारभावाप्रमाणें तिचें बक्षीस देत. त्यामुळें ती चोरून विकण्याचें कारणच उरत नसे. मजुरांचीं नांवेंही ते आपल्या वह्यांत टिपून ठेवीत. अली अस् सुवेफी नांवाचा त्यांचा मिसरी सहकारी मातींतील बारीकसारीक खुणा ओळखण्यांत मोठा निष्णात होता. कुफ्त गांवच्या लोकांस त्यांनीं असें तरबेज केलें कीं, पिढ्यान् पिढ्या तेथील कारागीर उत्खननाच्या कामांत नांवाजले गेले.

इ. स. १८८९ मध्यें लाहून येथें त्यांस एक सबंध गांव सांपडलें. एका पिरॅमिडाच्या कामासाठीं आलेल्या माणसांनीं सुमारें ३,९०० वर्षांपूर्वीं तें वसविलें होतें. तेथें सोनें नव्हतें. पण सुताराचीं हत्यारें होतीं, मातीचा उंदरांचा सांपळा होता, औषधांचे कागद होते, मुलांचे चेंडू व भोंवरे होते, आणि दोन्ही टोंकांस निमुळत्या केलेल्या लांकडी विट्याही होत्या! विटीदांडू खेळणाऱ्या आमच्या मुलांस ती विटी ओळखण्यासाठीं कोणा पंडिताची गरज पडणार नाहीं. कांहीं घरांच्या जमिनीखालीं लांकडी पेट्यांत पुरलेलीं तान्हीं मुलेंही सांपडलीं. राजांचे शिलालेख विजयाच्या गोष्टी सांगतात. आईबापांचें दुःख मात्र अशा पेटींतूनच आपणांपर्यंत येतें.

पुढल्याच वर्षीं पॅलेस्टाईनांत तेल एल् हेसी या टेकाडावर त्यांनीं सुमारें सहा आठवडे काम केलें. ओढ्याच्या पाण्यानें टेकाडाची एक बाजू कापली जाऊन आंतले थर उघडे पडले होते. वस्तीवर वस्ती, वस्तीवर वस्ती असे ते थर पाहून पेट्री यांच्या ध्यानांत आलें कीं, प्रत्येक थरांतील खापरांची घडण निराळी आहे. मडकें फुटतें, म्हणून तें वारंवार करावें लागतें. आणि वारंवार करावें लागतें म्हणून त्याची तऱ्हा काळाबरोबर बदलत जाते. फुटलेलें खापर मात्र कुजत नाहीं व चोरही तें नेत नाहीं. यास्तव काळ ओळखण्यास खापरासारखा साक्षीदार नाहीं.

इ. स. १८९२ त अमेलिया एडवर्ड्स निवर्तल्या. त्यांनीं ठेवलेल्या देणगींतून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत मिसरी पुरातत्त्वाचें अध्यासन निर्माण झालें आणि शाळेचें तोंड न पाहिलेले पेट्री तेथें पहिले प्राध्यापक झाले. कलकत्त्यास जन्मलेल्या मार्गारेट मरे या त्यांच्या शिष्या पुढें तेथेंच शिकवूं लागल्या. तुतांखामेन राजाचें थडगें शोधणारे हॉवर्ड कार्टर यांनींही तरुणपणीं पेट्री यांच्याच हाताखालीं खोदकामाचे धडे घेतले होते.

आतां आम्ही एका अशा प्रसंगाकडे वळतों, कीं जो चरित्रकार बहुधा झांकून नेतात. इ. स. १८९४-९५ च्या हंगामांत नकादा येथें पेट्री यांनीं सुमारें दोन हजार थडगीं खणलीं. त्यांतील मडकीं मिसरी मडक्यांहून इतकीं निराळीं होतीं कीं, हे बाहेरून आलेल्या कोणा नव्या जातीचे लोक असावेत असें त्यांनीं ठरविलें व तसें छापूनही टाकलें. द मॉर्गन नांवाच्या फ्रेंच पंडितानें दाखवून दिलें कीं, हे लोक परके नव्हत; पहिल्या राजांच्याही पूर्वीं त्याच भूमींत राहणारे ते होते. पेट्री यांनीं तें लागलीच मानलें नाहीं. मानी पुरुषास आपली चूक गिळणें अवघड जातें. पण अखेरीस त्यांनीं ती मान्य केली. आणि मग ज्या मडक्यांनीं त्यांस चकविलें होतें, त्यांनाच ते नव्यानें प्रश्न विचारूं लागले.

या थडग्यांत एकही लेख नव्हता. तेव्हां कोणतें आधींचें व कोणतें नंतरचें हें कसें समजावें? पेट्री यांनीं सुमारें ९०० थडगीं निवडलीं, प्रत्येकासाठीं एक पट्टी केली आणि त्या थडग्यांत कोणकोणत्या तऱ्हेचीं मडकीं होतीं तें तिच्यावर लिहिलें. मग सारख्या पट्ट्या जवळ जवळ येतील अशी त्यांची मांडणी ते पुनःपुन्हां करीत राहिले. एका तऱ्हेच्या मडक्यास धरावयासाठीं नागमोडी कान होते. क्रमाक्रमानें मडकें सडपातळ होत गेलें, कान आंखडत गेले, आणि शेवटीं अंगावर नुसती एक नागमोडी रेघ उरली. रेघेवरून कान होत नाहींत, कानांवरून रेघ होते. यावरून काळाची दिशा ठरली. या क्रमास त्यांनीं ३० ते ८० असे आंकडे दिले. ३० च्या आधींचे आंकडे पुढें याहून जुनें कांहीं सांपडलें तर असावेत म्हणून मोकळे ठेविले. एकदां ठेंच लागलेल्या माणसाची ही नम्रता होय. अनेक दशकांनंतर मोठमोठ्या गणितज्ञांनीं या युक्तीची वाखाणणी केली.

इ. स. १८९६ त थीब्ज येथें त्यांस मर्नेप्ताह राजाची जी शिला सांपडली, तिच्यावर इस्राएल हें नांव आहे. मिसरी लेखांतील त्या नांवाचा हा सर्वांत जुना उल्लेख होय. त्याच सुमारास त्यांचा विवाह झाला, आणि पत्नी हिल्डा यांनीं जन्मभर तंबूंत, धुळींत व हिशेबांत त्यांस साथ दिली. इ. स. १९०३ त अबायडोस येथें एक लहानशी हस्तिदंती मूर्ति निघाली. तिचें डोकें कुदळीच्या घावानें नुकतेंच तुटलें होतें. पेट्री यांनीं तीन आठवडे तेथली माती चाळविली, आणि तें इवलेंसें डोकें सांपडलें. मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खूफू राजाची ती मूर्ति उभी केल्यास तीन इंच भरते!

या थोर पुरुषाचा एक दोष सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं. मानवजातींत कांहीं वंश जन्मतःच श्रेष्ठ व कांहीं कनिष्ठ, या मताचा त्यांच्यावर मोठा पगडा होता. मिसरची संस्कृति कोणा बाहेरच्या श्रेष्ठ वंशानें आणिली असें ते समजत. मडक्यांच्या बाबतींत पुराव्यापुढें नमणारा हा माणूस मनुष्यांच्या बाबतींत मात्र शेवटपर्यंत नमला नाहीं. ज्या मिसरी मजुरांचें कसब त्यांनीं रोज डोळ्यांनीं पाहिलें, त्यांच्याकडूनही हा धडा ते शिकले नाहींत. शिवाय, त्या काळच्या कायद्याप्रमाणें वांटणी होऊन हजारों वस्तु मिसराबाहेर गेल्या. त्या खऱ्या कोणाच्या, हा प्रश्न तेव्हां क्वचितच कोणी विचारी. आज तो विचारला जातो आणि तें योग्यच आहे.

इ. स. १९२३ त पेट्री यांस सर ही पदवी मिळाली. १९२६ पासून त्यांनीं पॅलेस्टाईनांत काम केलें, आणि ता. २८ जुलै १९४२ रोजीं जेरुसलेम येथें वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. सियोन डोंगरावरील दफनभूमींत त्यांचें शरीर पुरलें आहे. मस्तक मात्र त्यांच्या इच्छेनुसार शास्त्रीय अभ्यासासाठीं लंडनास पाठविण्यांत आलें.

त्यांच्या नांवाच्या लंडन येथील संग्रहालयांत सुमारें ८०,००० वस्तु आहेत. तारखान येथें पेट्री यांच्या खोदकामांत निघालेलें मळक्या तागाच्या कापडाचें एक गाठोडें तेथें साठ वर्षांहून अधिक काळ पडून होतें. इ. स. १९७७ त तें उलगडतांना त्यांत चुण्या घातलेला एक अंगरखा निघाला. पुढें शास्त्रीय परीक्षेनें ठरलें कीं, तो इ. स. पूर्वीं ३४८२ ते ३१०२ या काळांतला, म्हणजे पांच हजार वर्षांहून जुना असून, विणून शिवलेल्या वस्त्रांत जगांतील सर्वांत जुना आहे. त्याच्या कोपरांशीं व कांखेंत वापरानें पडलेल्या सुरकुत्या अजून दिसतात. कोणीतरी तो अंगांत घातला होता, आणि उलटा करून काढला होता. दुसरा कोणी असता तर त्यानें ती चिंधी जाळून टाकली असती. पेट्री यांनीं ती बांधून ठेविली.

आमच्या याच जिल्ह्यांत प्रवरा नदीच्या कांठीं जोर्वे म्हणून एक गांव आहे. इ. स. १९५०-५१ त तेथें उत्खनन झालें आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी काढिलेलीं, तोटीचीं भांडीं निघालीं. महाराष्ट्रांतील सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची ओळख त्या खापरांवरूनच पटली, आणि त्या गांवाचें नांव साऱ्या विद्वज्जगतांत गेलें. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, पुढल्या वेळीं नदीकांठीं लगोरी मांडाल तेव्हां हातांतील खापर पाण्यांत फेंकण्यापूर्वीं क्षणभर न्याहाळा. तें जेथें पडलें असेल तेथेंच राहूं द्या, व शिक्षकांस येऊन सांगा. कोणा अज्ञात कुंभाराच्या बोटांचा ठसा त्याच्यावर असेल. तो वाचावयास राजाची कृपा लागत नाहीं. धीर, प्रामाणिक दृष्टि आणि आपली चूक कबूल करण्याचें धैर्य एवढेंच लागतें.