एपिजेनेटिक्स हा शब्द देणारे वॉडिंग्टन

कॉनरॅड वॉडिंग्टन १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले. वडील दक्षिण भारतातल्या चहाच्या मळ्यावर. मुलाला मात्र चौथ्या वर्षीच नातेवाइकांकडे इंग्लंडला धाडलं. शिकले भूगर्भशास्त्र, रमले गर्भाच्या वाढीत. जनुकं तीच, मग एक पेशी स्नायूची आणि दुसरी मेंदूची का होते? या अभ्यासाला त्यांनी १९४२ मध्ये 'एपिजेनेटिक्स' नाव दिलं. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा ११ वर्षं अवकाश होता! १९५७ च्या पुस्तकात त्यांनी दऱ्यांच्या उतारावर ठेवलेला चेंडू दाखवला: वर जरासा कलला, तर खाली वेगळ्याच दरीत पोचणार. १९७५ मध्ये ते एडिनबरात वारले.

आज संशोधक नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तात डीएनएवरच्या मिथाइल खुणा तपासतात आणि मुलाची उंची, वजन पुढे कसं वाढतं याच्याशी ताडून पाहतात. दोन्ही जुळले, तरी त्या खुणेमुळेच तशी वाढ झाली असं लगेच म्हणता येत नाही.