विलायतेतील मराठी शिक्षिका : पंडिता रमाबाई

ज्या सह्याद्रीच्या कुशीत आपले कोयनानगर वसले आहे, त्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगांत, आजच्या कर्नाटकात, गंगामूळ नावाचे दाट रान आहे. तेथे तुंगा आणि भद्रा या नद्या उगम पावतात. आपली कोयना कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडते. त्या दोघी एक होऊन खूप दूरवर जाऊन अखेर कृष्णेलाच मिळतात. या गंगामूळच्या रानातील एका आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिने पुढे साऱ्या महाराष्ट्राला विचार करावयास लावले आणि काही काळ रागवावयासही लावले. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटले की आपल्याला शारदासदन आठवते, केडगावचे मुक्तिसदन आठवते आणि अर्थातच त्यांचे धर्मांतर आठवते. वादविवाद एवढे गाजले, की त्या गडबडीत एक साधी गोष्ट आपण विसरूनच गेलो : ही बाई मुळात शिक्षिका होती. आणि तीही कोठे, तर इंग्लंडात! आज परदेशी जाऊन इंग्रजी शिकविण्याची नोकरी करणारी मराठी मुलेमुली आहेत व त्यांचे आपल्याला कौतुक वाटते. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, बेताचेच इंग्रजी येणारी एक तरुण विधवा कडेवर लहान मूल घेऊन विलायतेला जाते आणि तेथे आपली भाषा शिकवून त्यांची भाषा शिकते, ही हकीकत मला अधिक विलक्षण वाटते. म्हणून त्या तीन वर्षांवरच येथे जास्त लिहिणार आहे.

अनंतशास्त्र्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितसभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्राचे आधार देऊन त्यांनी तो दिलाही. लक्ष्मीबाईंनी मग हीच विद्या मुलीला दिली. पहाटे पाखरे जागी होण्याच्या सुमारास त्या रमेला उठवीत, मांडीवर घेत आणि पाठ म्हणून घेत. भागवताचे १८ हजार श्लोक रमेला लहान वयातच मुखोद्गत होते असे सांगतात. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिघे थोड्याच काळात गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु दैव काही पाठ सोडीना. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे मराठीतून साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षिका हव्यात असे ठासून सांगितले. आपणच वैद्यक शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुण्यातच इंग्रजीचे धडे सुरू झाले. या धड्यांना न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाईही बसत. दोन रमाबाई एका टेबलाशी इंग्रजी गिरवीत आहेत, हे चित्र मनाशी आणून पाहावे! इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून निघाल्या. वय होते पंचवीस, मनोरमा होती दोन वर्षांची आणि सोबतीला आनंदीबाई भगत होत्या.

इंग्लंडात वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या भगिनींचा मठ होता. या संघाच्या काही भगिनी पुण्यात काम करीत, त्यामुळे ओळख होती. येथे रमाबाईंनी जी व्यवस्था ठरविली ती मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या मठात आश्रित म्हणून राहिल्या नाहीत. हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात आपले राहणेजेवणे व इंग्रजीचे शिक्षण घ्यावयाचे, असा सरळ व्यवहार होता. एका हाताने द्यावे, दुसऱ्या हाताने घ्यावे. पुढे मठातील मंडळींशी कितीही खटके उडाले तरी रमाबाईंची मान ताठ राहिली, तिचे मूळ मला या व्यवहारात दिसते.

खटके मात्र उडाले. इंग्लंडात येताच कळले, की कानाला कमी ऐकू येत असल्याने वैद्यकाचा अभ्यास करता येणार नाही. सोबत आलेल्या आनंदीबाईंनी तेथेच आत्महत्या केली. तो आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संताप उसळला. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. बाजू घेणारे थोडेच होते. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील कटगुणचे मूळ असलेले जोतीराव फुले ठळक होते. त्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू मांडली. धर्म बदलला म्हणजे बाई आता सर्वस्वी आपली झाली, असे मठात वाटले असेल तर तेही खोटे ठरले. अंडे घातलेले गोड पदार्थ त्या खात नसत. त्यावरून त्यांच्यावर जातीच्या अभिमानाचा ठपका आला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशाची संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. लॅटिन आपल्यालाही येत नाही आणि आपल्या देशबांधवांनाही येत नाही, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. भाषेच्या शिक्षिकेला शोभणारीच ही शंका म्हणावयाची.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील १८५८ साली, म्हणजे रमाबाई जन्मल्या त्याच वर्षी, त्या पदावर आल्या होत्या. रमाबाई येथे इंग्रजी, गणित, शास्त्रे आणि ग्रीक शिकू लागल्या आणि त्याच संस्थेत संस्कृत शिकवूही लागल्या. एका तासाला विद्यार्थिनी, दुसऱ्या तासाला अध्यापिका. आपल्या प्राध्यापकांपैकी कोणी असा प्रयोग करून पाहील काय, ठाऊक नाही! आईने पहाटे मांडीवर बसवून जी विद्या तोंडी दिली, ती गंगामूळच्या रानातून निघून अशी इंग्लंडातल्या वर्गात पोहोचली.

तेथेच खरा पेच उभा राहिला. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भाषा शिकवाव्यात अशी कल्पना पुढे आली. हे मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांच्या कानी जाताच त्यांनी विरोध केला. पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात परतल्यावर तेथील बायकांत यांचा प्रभाव उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. वरवर पाहता त्यात काळजीच दिसते. पण या बाईने काय करावे, हे बाईला न विचारता ठरविले जात होते. बिशप कितीही वडीलधारे असोत, येथे ते मला उडुपीच्या त्या पंडितसभेचेच सभासद वाटतात.

रमाबाईंनी १८८५ च्या मे महिन्यात बीलबाईंना पत्र लिहून आपला संताप कळविला. आपली आई तरुणांना शिकवी त्याला वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, आपण शिकवीत असताना पतीनेही घेतली नाही. मग ती या इंग्रज मंडळींनी घ्यावी याचे त्यांना नवल वाटले. ज्या देशात स्त्री राज्यावर बसली आहे, तेथे स्त्रीने वर्गात उभे राहू नये म्हणणे अजबच, असे आपल्यालाही वाटते. मोठी किंमत मोजून मिळविलेले स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हाती देणार नाही, आपल्यालाही मन आहे आणि न्याय करण्याची बुद्धी आहे, असे त्यांनी मठातील आपल्या हितचिंतकांनाही बजावले. ज्यांचे अन्न खातो त्यांना असे लिहिणे सोपे नसते. पण रमाबाई ते अन्न शिकवून खात होत्या.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला हजर राहण्यासाठी हा प्रवास होता. काही महिन्यांचा मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. फ्रोबेलची बालोद्यान पद्धती त्यांनी तेथे शिकून घेतली, १८८७ मध्ये हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. ज्या इंग्रजीसाठी वाँटेजला मराठीचे धडे द्यावे लागले, त्याच इंग्रजीत आता अमेरिकन श्रोते त्यांचे बोलणे ऐकत होते.

बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. शारदासदनावरचे वादळ, दुष्काळातून वाचविलेल्या मुली आणि केडगावचा संसार या गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांत शिरत नाही.

एकच सांगतो. चेल्टनहॅमला ग्रीकची जी ओळख झाली होती ती रमाबाईंनी सोडली नाही. उतारवयात त्या हिब्रूही शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करावयास बसल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातील मुलीच करीत. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ते संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले १९२४ मध्ये.