केथे कोलवित्झ



गेल्या महिन्यात गुरुजींनी आम्हाला एका शिल्पाचे चित्र दाखवले. पुतळा म्हटला की मला घोडा आणि तलवार आठवते. पण ह्यात तसले काहीच नव्हते. नुसते एक आई आणि एक बाप गुडघे टेकून बसलेले. हे शिल्प करणाऱ्या बाईंची माहिती मी सांगतो.

त्यांचे नाव केथे कोलवित्झ. त्यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी तेव्हाच्या प्रशियातील क्योनिग्जबर्ग शहरात झाला. लहानपणापासून त्यांचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून वडिलांनी त्यांना शिकवणी लावली. १८९१ साली डॉक्टर कार्ल कोलवित्झ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. बर्लिन शहरात डॉक्टर गरीब कामगारांना औषध देत आणि केथेबाई त्याच लोकांची चित्रे काढत. त्यांना दोन मुलगे झाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. धाकटा पीटर लढाईवर जायचे म्हणून हट्ट धरून बसला. वय लहान, म्हणून वडिलांची परवानगी लागत होती. वडील नको म्हणत होते. पण केथेबाईंनीच त्यांची समजूत घातली. पीटर गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेल्जियम देशात मारला गेला. तो फक्त १८ वर्षांचा होता.

मग त्यांनी मुलासाठी शिल्प करायला घेतले. आधी त्यात पीटरपण होता. ते काही मनासारखे होईना, म्हणून सोडून दिले. शेवटी १९३२ साली दगडाचे आईबाप तयार झाले आणि बेल्जियममध्ये सैनिकांच्या दफनभूमीत बसवले. बापाने दोन्ही हात स्वतःच्या अंगाभोवती घट्ट आवळलेत. आई खाली वाकली आहे. दोघांचे दगड वेगवेगळे आहेत. मुलगा कुठेच नाही.

नंतर त्यांनी आणखी एक शिल्प केले. त्यात खूप आया गोल करून उभ्या आहेत आणि मुलांना मधे लपवून ठेवले आहे. पण दुसरे महायुद्ध आलेच. १९४२ साली त्यांचा नातू लढाईत गेला. त्याचेही नाव पीटरच होते. १९४३ साली बाँब पडून त्यांचे घर गेले. २२ एप्रिल १९४५ रोजी त्या वारल्या. युरोपातले युद्ध ८ मेला थांबले. ते काही त्यांना बघायला मिळाले नाही.

माझा काका फौजेत आहे. मी ते चित्र घरी नेऊन आजीला दाखवले. आजीने फक्त मुलाचे वय विचारले. मी अठरा सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग मला काकाला फोन लावायला सांगितला.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी