महासंगणकाचे शिल्पकार : सेमूर क्रे

कॉलेजच्या वार्षिक अंकात देशभक्तांची, संतांची आणि साहित्यिकांची चरित्रे नेहमी येतात. मी मात्र यंदा एका यंत्र घडविणाऱ्या माणसाचे चरित्र लिहायला घेतले आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पेरणीच्या दिवसांत हवामानाच्या बातमीकडे कान लावून बसलेले वडील मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या बातमीच्या मागे प्रचंड गणित करणारी यंत्रे असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अशा यंत्रांना महासंगणक म्हणतात आणि त्यांचे आद्य शिल्पकार म्हणून सेमूर क्रे यांचे नाव घेतले जाते.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, चिपेवा फॉल्स या लहानशा गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. दहा वर्षांच्या वयात या मुलाने खेळण्याच्या सुट्या भागांतून, कागदी पट्टीवरील छिद्रांचे मोर्स संदेशात रूपांतर करणारे यंत्र बनविले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात रेडिओ चालक म्हणून काम केले. पुढे मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकून १९५१ साली त्यांनी उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी घेतली.

कंट्रोल डेटा या कंपनीत त्यांची कीर्ती झाली. मोठ्या कचेरीतील बैठका आणि अहवाल यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. म्हणून त्यांनी आपली प्रयोगशाळाच चिपेवा फॉल्सला नेली. तेथे मूठभर सहकाऱ्यांनिशी त्यांनी सीडीसी ६६०० हा संगणक तयार केला. १९६४ साली तो जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मुख्य प्रोसेसरने फक्त गणित करावे. माहिती आत घेणे, बाहेर देणे, कामांची पाळी लावणे ही कामे दहा लहान प्रोसेसरांनी सांभाळावी, अशी विभागणी त्यांनी केली. यंत्राचा कारभार पाहणारी एक साधी प्रणालीही त्यांनी स्वतःच लिहिली. तिला गावाचेच नाव मिळाले.

१९७२ साली त्यांनी क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. चार वर्षांनी पहिला क्रे-१ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोचला. सुमारे पाच टन वजनाचे हे यंत्र इंग्रजी 'सी' अक्षरासारखे गोलाकार होते. हा आकार शोभेसाठी नव्हता. विजेला तारेतून जायला वेळ लागतो, म्हणून एकही तार चार फुटांहून लांब असू नये, यासाठी तो होता. परंतु त्या पहिल्या यंत्रात स्मृतीतील चुका आपोआप दुरुस्त करण्याची सोय नव्हती. सहा महिन्यांच्या चाचणीत अशा १५२ चुका नोंदल्या गेल्या. पुढच्या यंत्रांत ती सोय करावी लागली. नुसता वेग पुरत नाही, यंत्र दिवसरात्र भरवशाने चाललेही पाहिजे, हा धडा क्रे यांच्यासारख्या बुद्धिमंतालाही वापरणाऱ्यांकडून घ्यावा लागला.

क्रे यांना प्रत्येक वेळी कोऱ्या कागदापासून आरंभ करणे आवडे. यंत्र नवे, रचना नवी. पण जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे लिहिलेल्या कामाचे काय करायचे? ते नव्या यंत्रावर नेताना त्याची देखभाल करणाऱ्यांच्या नाकी नऊ येत. १९८५ साली आलेल्या क्रे-२ यंत्रावर या अडचणीची वाट सापडली. त्यासाठी कंपनीने युनिक्स या प्रणालीचा आधार घेतला. युनिक्स कोणा एकाच यंत्राला बांधलेली नव्हती. लहान संगणकांवर ती आधीपासून रुळली होती. यंत्र बदलले तरी माणसाने शिकलेली विद्या वाया जाऊ नये, ही केवढी मोठी सोय!

क्रे यांची श्रद्धा मात्र थोड्या पण अत्यंत बलाढ्य प्रोसेसरांवर होती. शेकडो लहान प्रोसेसर जोडून मोठे काम होईल, हे त्यांना पटत नव्हते. आमच्याकडे पूर्वी इर्जिक घालीत. एकाचे शेत नांगरायचे राहिले की सारा गाव आपापले बैल घेऊन येई आणि एका दिवसात काम उरके. संगणकांचा क्लस्टर म्हणजे अशी इर्जिकच होय. त्यातला एखादा सर्व्हर बिघडला किंवा जुना झाला, तर तो बाजूला काढून दुरुस्त करता येतो आणि बाकीचे काम चालू ठेवता येते. मात्र इर्जिकीत कोणी कोठे नांगर धरायचा हे सांगणारा जाणता माणूस लागतो. येथे ते काम सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर करतो.

या इर्जिकीशी आपल्या महाराष्ट्राचेही नाते आहे. भारताला क्रे कंपनीचे अधिक शक्तिशाली यंत्र हवे होते. अमेरिकेने ते नाकारून हवामानाच्या कामापुरते लहान यंत्र दिले. ते दिल्लीत बसले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे अनेक लहान प्रोसेसर जोडून १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकटा पहिलवान मिळाला नाही, म्हणून आपण अनेक हात एकत्र केले.

काळही त्याच दिशेने वळला. स्वस्त प्रोसेसरांपुढे क्रे यांची महागडी यंत्रे टिकेनात. त्यांच्या दुसऱ्या कंपनीचा क्रे-३ हा एकच संगणक १९९३ साली बोल्डरच्या हवामान संशोधन केंद्रात बसला आणि १९९५ साली कंपनीचे दिवाळे निघाले. तेव्हा क्रे सत्तरीला आले होते. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. क्रे यांनी १९९६ साली पुन्हा नवी कंपनी काढली आणि ज्या मार्गाला आयुष्यभर विरोध केला, त्याच अनेक प्रोसेसरांच्या मार्गाने विचार सुरू केला. पण त्याच वर्षी २२ सप्टेंबरला कोलोरॅडो राज्यात त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची एक यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ च्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे युनिक्सच्याच वळणावर लिहिलेल्या लिनक्सवर चालत होती आणि त्यांत क्लस्टरांचा भरणा होता. म्हणजे क्रे हरले का? मला तसे वाटत नाही. गणित किती वेगाने करता येते याची हद्द त्यांनी एकट्याच्या बळावर पुढे नेली. तो वेग सर्वांच्या उपयोगी आणण्याचे काम अनेकांनी केले. आपण बहुतेक जण त्या अनेकांतले असू. परंतु सत्तराव्या वर्षी आपले मत तपासून पाहण्याचे जे धैर्य क्रे यांच्यापाशी होते, ते विसाव्या वर्षी आपल्यापाशी असायला काय हरकत आहे?

— द्वितीय वर्ष, कला