सुरी झाकून आणणारा हकीम : अल-जहरावी

मानेवरची गाठ, पाठीवरची चामखीळ, तळपायाचे कुरूप. कर्जत, खोपोली, खालापूर, चौक, नेरळ या पट्ट्यात अशी दुखणी अंगावर काढणारी माणसे प्रत्येक घरात सापडतील. रमजान लागला की मुसलमान घरात ते काम ईदेनंतरवर जाते. शेजारच्या घरात ते भातलावणी आटोपल्यावर, गणपती गेल्यावर किंवा मुलीचे लग्न झाल्यावर होणार असते. सण आणि शेती ही सांगायची कारणे. आतले कारण सगळ्यांचे एकच असते, ते म्हणजे सुरीची भीती.

या भीतीचा विचार हजार वर्षांपूर्वी एका हकिमाने केला होता. त्यांचे पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी. युरोपात त्यांना अल्बुकासिस म्हणतात. शस्त्रक्रियेच्या इतिहासात त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

त्या काळी स्पेनच्या मोठ्या भागावर उमय्या घराण्याचे राज्य होते आणि कॉर्डोबा, अरबीत कुर्तुबा, ही त्याची राजधानी होती. खलिफा तिसरा अब्दुर रहमान याने कॉर्डोबाजवळ इ. स. ९३६ च्या सुमारास मदीनत अल-जहरा नावाचे नवे राजनगर वसवायला घेतले. अबुल कासिम यांचा जन्म त्याच सुमाराचा मानतात. या नगरावरूनच ते जहरावी झाले. त्यांचे पूर्वज मदिनेच्या अन्सारांपैकी, म्हणजे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना आसरा देणाऱ्यांपैकी होते, असे त्यांच्या नावाच्या परंपरेवरून समजले जाते. खलिफा दुसरा अल-हकम याचे ते दरबारी वैद्य होते, असेही सांगतात. त्यांच्या घरसंसाराची माहिती फारशी उरलेली नाही. उरले ते त्यांचे पुस्तक.

सुमारे पन्नास वर्षे रोगी तपासल्यावर, इ. स. १००० च्या आसपास त्यांनी अत-तसरीफ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे तीस भाग आहेत. शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात आधी डाग देणे, मग चिरफाड आणि टाके, आणि शेवटी मोडलेली व निखळलेली हाडे अशी मांडणी आहे. सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे त्यांनी त्यात दिली. विद्यार्थ्यांना ते आपली मुले म्हणून संबोधत. आपल्या माघारी त्यांच्या हातून चुका होऊ नयेत, ही तळमळ पानोपानी दिसते.

या हत्यारांत एक लहानशी सुरी आहे. तिचे पाते आत दडलेले असते. गळू फोडायच्या वेळी हकीम ती बोटांत अशी धरतो की रोग्याला पाते दिसतच नाही. तेव्हा बधिर करणारे इंजेक्शन नव्हते. रोगी पाते पाहूनच अर्धा खचायचा, अंग आक्रसून घ्यायचा आणि मग चिरही वाकडी जायची. वेदना घालवणे हातात नव्हते, तेव्हा जहरावींनी निदान धास्ती तरी कमी केली.

पण रोग्यापासून त्यांनी लपवले ते फक्त पाते. धोका त्यांनी कधी लपवला नाही. शस्त्रक्रियेच्या भागाच्या सुरुवातीलाच ते बजावतात की ज्याला शरीराची रचना ठाऊक नाही, त्याच्या हातून माणसे मरतात. पुरावा म्हणून ते आपल्या काळातली उदाहरणे देतात. एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली, रक्तवाहिन्या तोडल्या आणि ती तिथेच रक्तस्रावाने गेली. शस्त्रक्रियांचे ते दोन प्रकार करतात : रोग्याला सुखरूप ठेवणाऱ्या आणि जिवावर बेतणाऱ्या. दुसऱ्या प्रकारापासून सावध राहा, पैशाच्या मोहाने हात घालू नका, असा त्यांचा सांगावा आहे.

कातडीखालच्या गाठींबद्दल त्यांनी लिहिलेले आजही डॉक्टरांना ओळखीचे वाटेल. गाठ दिसली की लगेच कापू नये. आत चरबी आहे, पू आहे की आणखी काही, ते आधी बारीक हत्याराने तपासावे. पिशवीची गाठ असेल तर ती पिशवीसकट काढावी, कारण थोडी जरी मागे राहिली तरी गाठ पुन्हा उगवते. कर्करोगाबाबत तर त्यांनी आपली हार उघड मान्य केली. रोग लहान असून पूर्ण काढता येण्याजोगा असेल तर काढावा. जुना आणि मोठा झाला असेल तर मात्र तो आपण बरा केलेला नाही आणि दुसऱ्या कोणी बरा केलेलाही पाहिला नाही, असे ते सांगतात.

एका दासीने सुरीने स्वतःचा गळा चिरून घेतला होता. जहरावींनी जखम शिवली आणि ती जगली. आवाज तेवढा घोगरा राहिला. तेही त्यांनी नोंदवून ठेवले, यश फुगवून सांगितले नाही.

त्यांच्या म्हातारपणी राज्यात यादवी माजली आणि इ. स. १०१० मध्ये मदीनत अल-जहरा लुटले गेले. पुढे इ. स. १०१३ च्या सुमारास ते वारले. नगर मातीत गेले, पुस्तक मात्र प्रवासाला निघाले. बाराव्या शतकात टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याच्या शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर केले. पुढची काही शतके युरोपातले सर्जन त्याच्या आधारे शिकले. आपल्या देशात पाटण्याच्या खुदाबक्ष ग्रंथालयात या ग्रंथाची जुनी हस्तलिखित प्रत जपलेली आहे.

ही विद्या कोणा एका धर्माची किंवा मुलखाची नव्हती. जहरावींच्या जन्माआधीच बगदादमध्ये बरमकी वजिराच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत नेला होता. कातडीच्या कामात आपला महाराष्ट्रही मागे नव्हता. घाट ओलांडला की पुणे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक कापले होते. पुण्याजवळ एका कारागीर जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याची हकिगत छापून आली आणि वीस वर्षांनी तिथल्या सर्जनने ती रीत वापरली. कावसजीने ते सारे पूर्ण शुद्धीत, भूल न घेता सोसले.

आपल्याला तेवढे सोसावे लागत नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले, तेच आज खासगी दवाखान्यांत सर्रास वापरतात. ते शिरेत देत नाहीत, गाठीच्या भोवती कातडीखाली टोचतात. टोचताना क्षणभर आग होते, मग तिथल्या नसांमधून दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाणेच थांबते. ओढल्याचे, दाबल्याचे कळते, दुखत नाही. माणूस जागा असतो, डॉक्टरांशी बोलू शकतो आणि थोड्या वेळाने चालत घरी जातो.

तरीही कित्येक जण घोड्याचा केस बांधून चामखीळ तोडतात, चुना-सोड्याचा लेप लावून कातडी जाळतात किंवा दाढीच्या ब्लेडने कुरूप कापतात. मधुमेह असलेल्याचा अशा ब्लेडच्या जखमेपायी पाय जाऊ शकतो. जहरावींनी ज्या अडाणी हातांपासून सावध केले, ते हात कधी कधी आपलेच असतात.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर विचारायला लाजू नये. गाठ कशाची आहे, ती पिशवीसकट निघेल का, खर्च किती, हे आधी विचारावे. साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी असेल तर आपणहून सांगावे. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत तपासायला पाठवणार का, हे तर नक्की विचारावे. तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर सणाची वाट पाहूच नये.

राहिला रोजाचा प्रश्न. कातडीखाली दिलेल्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे, कारण ते अन्नही नाही आणि पोटातही जात नाही. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारावे. दिवसभराच्या उपवासात घाबरून चक्कर येण्याची भीती वाटत असेल, तर डॉक्टरांकडून इफ्तारनंतरची वेळ मागून घ्यावी. आजारपणात रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची मुभा अल्लाहनेच दिली आहे. जखमेवर पट्टी असेल तर वजूच्या वेळी ती भिजवायची नसते, वरून ओला हात फिरवला तरी चालतो. टाके कपाळावर किंवा गुडघ्यावर असतील तर सजदा कसा करायचा, तेही विचारून घ्यावे.

देह ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, असे आम्ही मानतो. आमचे शेजारी तेच वेगळ्या शब्दांत मानतात. तिची काळजी घेणे हीसुद्धा इबादत आहे. ईदेनंतरवर ठेवलेले काम कोणी या आठवड्यातच उरकून घेतले, तर जहरावींची मेहनत हजार वर्षांनी आपल्या कर्जत-खालापुरातही कामी आली, असे म्हणता येईल.