जेम्स फॉरसिथ

कॅप्टन जेम्स फॉरसिथ (इ.स. १८३८ – १ मे, इ.स. १८७१) हे ब्रिटिश भारतातील लष्करी व मुलकी अधिकारी, वनाधिकारी, शिकारी आणि लेखक होते. सातपुड्यातील पचमढी परिसराचे सर्वेक्षण आणि 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ यांसाठी ते ओळखले जातात. मोठ्या व्यासाच्या शिकारी बंदुकीत दारू व गोळी कशी भरावी आणि नळीतील आटे कसे असावेत, यावर त्यांनी लिहिलेले 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक शस्त्रविद्येच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. बंदुकीसाठी आघाताने पेट घेणाऱ्या प्रज्वलन पद्धतीचा शोध लावणारे स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉरसिथ हे त्यांच्याहून वेगळे होत.

जीवन

फॉरसिथ यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. एम.ए. ही पदवी मिळवल्यानंतर ते भारतात आले आणि बंगाल स्टाफ कोअरमध्ये कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग मध्य प्रांतात गेला. हा प्रांत इ.स. १८६१ मध्ये स्थापन झाला. नागपूर ही त्याची राजधानी होती आणि नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे मराठी भाषक जिल्हे त्यात समाविष्ट होते. प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या हाताखाली फॉरसिथ यांनी प्रथम वनखात्यात काम केले. पुढे ते खानदेश व वऱ्हाड यांना लागून असलेल्या निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी व उपायुक्त झाले.

इ.स. १८६२ मध्ये त्यांनी पचमढीच्या पठारावर मुक्काम केला आणि तेथे 'बायसन लॉज' ही वास्तू उभारली. इ.स. १८६२ ते १८६४ या काळात त्यांनी मध्य प्रांताचा विस्तृत दौरा केला व नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकपर्यंत प्रवास केला. लंडन येथे वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचा मुख्य ग्रंथ छपाईत होता.

बंदूक व दारूगोळ्याविषयीचे विचार

फॉरसिथ यांच्या तरुणपणी शिकारीसाठी मुख्यतः ठासणीच्या बंदुका वापरत. शिकारी प्रत्येक बारासाठी मोजून दारू नळीत ओतत असे, कापडात किंवा कातड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासत असे आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवत असे. बार कसा बसेल, हे बंदुकीच्या घडणीइतकेच भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. पहिला बार फुकट गेला, तर वाघ किंवा रानगवा यांच्यासमोर दुसरा भरण्यास क्वचितच सवड मिळे. जखमी जनावर जंगलात निसटले, तर ते तडफडून मरे किंवा हाकाऱ्यांवर उलटे. हत्तीवरून शिकार करणारे काही जण जवळच्या बचावासाठी मोठ्या व्यासाचे आखूड पिस्तूल हौद्यात बाळगत. ते 'हौदा पिस्तूल' या नावाने ओळखले जाते.

त्या काळात सैन्यात लांबट गोळीच्या रायफली रूढ झाल्या होत्या. अशा गोळीला स्थिर राहण्यासाठी जोराची फिरकी लागते, म्हणून त्यांच्या नळीतील आटे जास्त पिळाचे असत. मात्र त्याच नळीत वाटोळी गोळी घालून दारू वाढवली, तर गोळी आट्यांत न फिरता त्यांवरून घसरे आणि नेम चुके. दारू कमी ठेवली, तर गोळीचा वेग घटे व तिचा मार्ग फार वक्र होई. मग अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी गोळी जनावराच्या वरून वा खालून जाई.

फॉरसिथ यांनी यावर वेगळा मार्ग सुचवला. नळीचा व्यास मोठा, आटे उथळ व अगदी मंद पिळाचे, गोळी वाटोळी आणि दारूचे प्रमाण भरपूर, अशी त्यांची मांडणी होती. मंद पिळामुळे गोळी आटे सोडत नाही आणि जादा दारूमुळे ती वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत जाते. घनदाट जंगलात बहुतेक शिकार कमी अंतरावर होत असल्याने ही रचना तेथे उपयुक्त होती. त्यांच्या लेखनात १४ बोअरच्या बंदुकीला महत्त्वाचे स्थान आहे. एक पौंड शिशाच्या चौदा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास येईल तो १४ बोअर होय. अशी गोळी सुमारे ३२ ग्रॅम वजनाची व १७.६ मिलिमीटर व्यासाची असते.

त्यांच्या हयातीतच मागून भरण्याच्या बंदुका प्रचारात येऊ लागल्या. पुढे रिकामी पितळी काडतुसे हाताने पुन्हा भरण्याची पद्धत शिकाऱ्यांमध्ये आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारूमुळे जुनी गणिते मागे पडली. विसाव्या शतकात ठासणीच्या बंदुकांच्या हौशी अभ्यासकांनी फॉरसिथ यांच्या आट्यांची रचना पुन्हा वापरात आणली.

वनविषयक निरीक्षणे

'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ इ.स. १८७१ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यात शिकारीच्या वर्णनांबरोबर वने, प्राणी आणि गोंड, कोरकू आदी आदिवासी समाज यांची माहिती आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेल्या गोंडांच्या लिंगो कथेचे पद्यरूपही त्यात आढळते.

पचमढीजवळच्या देनवा खोऱ्यात साल वृक्षांचे एक एकाकी वन आहे. सालाचा मुख्य पट्टा त्याच्या पूर्वेला बराच दूर आहे. त्या पट्ट्यात आढळणारे बारशिंगा व लाल रानकोंबडा या एकाकी वनातही आहेत, असे फॉरसिथ यांनी नोंदवले. वृक्ष व प्राणी यांच्या प्रसारातील हा संबंध त्यांच्या निरीक्षणशक्तीची साक्ष देतो. रेल्वेच्या स्लीपरांसाठी झालेली बेसुमार तोड आणि तोडून वाया गेलेले लाकूड यांवरही त्यांनी टीका केली.

मूल्यमापन

फॉरसिथ यांचे कार्य साम्यवादी वा उदारमतवादी नव्हे, तर वसाहतीच्या राज्ययंत्रणेचा भाग होते. ते सातपुड्यात आले, त्याच्या थोडेच आधी तेथील कोरकू प्रमुख भभूतसिंह यांनी तात्या टोपे यांना साथ देऊन इंग्रजांविरुद्ध लढा दिला होता आणि इ.स. १८६० मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला होता. इ.स. १८६५ मध्ये बोरीचे जंगल राखीव झाले. ते भारतातील पहिले राखीव वन मानले जाते. त्यामुळे जंगल वाचले, परंतु फिरती शेती व वनोपज यांवर जगणाऱ्या आदिवासींच्या परंपरागत हक्कांवर मर्यादा आल्या. फिरत्या शेतीला फॉरसिथ यांचाही विरोध होता. मात्र सावकार व दारूविक्रेते आदिवासींना कसे नागवतात, हेही त्यांनी लिहून ठेवले.

वारसा

बायसन लॉज ही वास्तू आज वनखात्याचे संग्रहालय आहे. बोरी व पचमढी ही अभयारण्ये सातपुडा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहेत. इ.स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशातील वन्य प्राण्यांना व्यापक संरक्षण मिळाले. फॉरसिथ यांनी नोंदवलेला बारशिंगा पुढे सातपुड्यातून नाहीसा झाला. इ.स. २०१५ पासून कान्हा येथील बारशिंगे तेथे आणून सोडण्यात आले. ही जात तेथे पूर्वी नांदत होती, याचा एक जुना लेखी पुरावा फॉरसिथ यांच्या ग्रंथात आहे.